शिडाच्या होडीतली दुसरी जागा

शिडाच्या होडीला दोन माणसं लागतात. आमच्या होडीत सुकाणू माझ्या हाती आणि शिडाचा दोर बायकोच्या. म्हणजे कप्तान मी, असं मी लोकांना सांगायचो. हुकूम ती सोडायची. "अहो, वारा फिरला! झोपलात की काय?" रेवदंड्याहून काशीदला पोचेपर्यंत माझा यथासांग उद्धार व्हायचा. वारा पडला की मात्र ती पाय पसरून बसायची, डब्यातल्या नारळाच्या वड्या काढायची आणि आळीतल्या एकेकाच्या अशा नकला करायची, की हसता हसता माझ्या हातून सुकाणू सुटायचं.

इतकं सुख सोसवेना, म्हणून मला इंजिनाची दुर्बुद्धी झाली. होडी एका कोळी मित्राला विकली आणि पांढरीशुभ्र मोटरबोट आणली. पहिल्या रविवारी बायको गॉगल लावून थाटात बसली. मी इंजिन सुरू केलं. काय तो आवाज! ती काहीतरी म्हणाली.

"काय?" मी ओरडलो.

"काही नाही!" ती ओरडली.

संवाद संपला. डबा उघडायच्या आत काशीद आलं.

दोन रविवार असे काढून तिसऱ्याला ती घरीच राहिली. "तुम्ही जा. त्या बोटीत मला काम काय? मी म्हणजे नुसतं सामान."

मी एकटा गेलो. इतक्या लवकर परतलो, की तिनं विचारलं, "काही विसरलात का?"

तसाच मित्राकडे गेलो. म्हटलं, रविवारपुरती होडी दे.

"न्या की! पन दोरावर कोन बसनार? वैनी रुसल्यात, अख्ख्या बंदराला ठावं हाय." तो खदखदून हसला. "तवर तुमच्या फटफटीतनं मी पाव्हन्यांना फिरवतो."

घरी येऊन बायकोची मनधरणी केली. बोंबील साफ करता करता, मान वर न करता ती म्हणाली, "येईन. पण सुकाणू मी धरणार."

आता दर रविवारी दोर माझ्याकडे असतो. तळहात सोलवटलेत. परवा मित्र पर्यटकांना घेऊन धडधडत शेजारून गेला, त्यानं हात केला. मीही केला, नेमका दोराचा. शीड फडफडलं.

"अहो खलाशी!" बायको कडाडली. "दोर धरा, नाहीतर पोहत घरी या!"

दोर धरला. काशीद अजून बरंच लांब होतं, देवाची कृपा.