खंडेनवमीला बंद केलेली पेटी

रेणुकाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाणी, भाकरी, झाडलोट उरकली की ती झरी गावाहून जीपने परभणीच्या कापसाच्या जिनिंगवर जायची. घरात ती आणि आई झुंबरबाई, दोघीच. आई दिवाळीनंतर भावाच्या टोळीत ऊस तोडायला जायची, तेव्हा रेणुका एकटी. मीही झरीचाच. त्याच जिनिंगमध्ये गठाणीच्या, म्हणजे कापसाच्या गाठी बांधायच्या, प्रेसवर फिटर होतो. निवृत्त झालो तरी हंगामाच्या तोंडावर प्रेस बघायला मला बोलावतात.

रेणुकाकडे सांभाळायला नेटवर्कचा स्विच होता. पत्र्याची चपटी पेटी. ऑफिसचे कॉम्प्युटर, कॅमेरे, वजनकाटा, सगळ्यांच्या वायरी तिच्यात येतात. मॅनेजर योगीराज यांनी रेणुकाला शिकाऊ म्हणून घेतलं होतं. कायम करायचं की नाही, हे दसऱ्याच्या खरेदी मुहूर्तानंतर ठरणार होतं. कायम झाली तर आईला टोळीत जाऊ देणार नाही, असं तिनं मला सांगितलं होतं.

जिनिंगमध्ये खंडेनवमीला एकही यंत्र चालू ठेवत नाहीत. पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. रेणुकानंही पेटी पुसली, विजेची वायर काढली, वर झेंडू ठेवला. तोवर वीज गेली तरी बॅटरीवर पेटी चालूच असायची. रेणुका आल्यापासून ती पहिल्यांदाच बंद झाली.

दसऱ्याला कापसाच्या ट्रॉल्या काट्यासमोर लागल्या. पेटीचे दिवे लागले, पण काट्यावरचं वजन ऑफिसात दिसेना. रेणुका लॅपटॉप जोडून बसली. तिचा चेहरा उतरला.

"मामा, ही मागच्या साली होती तशी उठलीय."

"कुणी हात लावला का?"

"न्हाई ओ. मी वर्षभर जे बदललं ते चालू फाइलमधी होतं. बंद केली की ती फाइल जाते. उठताना ही दुसरीच फाइल वाचते, सुरुवातीची. तिच्यात मी काही उतरवलंच न्हाई."

"मग वर्षभर चालली कशावर?"

"चालू फाइलवर."

"ती गेली कुठं?"

"कुठंच न्हाई. गेली."

मला उमजेना. प्रेसचा बोल्ट आज आवळला तर यंत्र बंद केलं म्हणून तो ढिला होत नाही. वर्षभर बरोबर चाललेलं यंत्र रात्रीतून सगळं विसरतं, हे कसलं यंत्र?

बाहेर एक शेतकरी ओरडला, "ओ बाई, दसरा आज हाय का उद्या?"

"काट्यालाच आपट्याची पानं द्या, मग बोलंल!" दुसऱ्यानं जोडलं.

योगीराज आत आले. हातात मुहूर्ताचा नारळ तसाच. "रेणुका, आजच्या दिवशी हे?"

ती लॅपटॉपकडं वळली. पेटीतल्या फाइलींची नावं वरून खाली बघत राहिली. मग थांबली. पोळ्याच्या सुमारास काटा नव्या शेडात नेला, तेव्हा तिनं सगळ्याची नक्कल वेगळ्या नावानं पेटीतच ठेवली होती.

"म्हणजे आतच हाय?" मी विचारलं. "मग ही तीच का वाचत न्हाई?"

"तिला सांगितलंच न्हाई मी. कोणती फाइल घेऊन उठायचं, तेबी सांगून ठेवावं लागतं."

नक्कल आतच असून पेटीला तिचा पत्ता नाही. माझा गोंधळ आणखी वाढला.

रेणुकानं ती फाइल लावली. पोळ्यानंतरचे बदल हातानं परत घातले. ऑफिसच्या पडद्यावर वजन आलं. योगीराज नारळ फोडायला वळले.

"साहेब, थांबा. परत बंद करायचीय."

"डोकं फिरलं का? लागलं ना सुरू!"

"सुरू हाय. पण या बारीला सगळं सुरुवातीच्या फाइलमधी उतरवून ठेवलंय. आपली आपण उठती का, ते बघू द्या. न्हाईतर बॅटरी उतरली की परत हेच."

"आणि न्हाई उठली तर?"

"तर मला घरी पाठवा."

बाकी काही मला कळलं नव्हतं, हे कळलं. पट्टा बदलला की मी यंत्र रिकामं चालवायचो, थांबवायचो, परत चालवायचो. ही मेहनत लोकांना जड जाते. मी म्हणालो, "साहेब, करू द्या."

तिनं वायर काढली. दिवे विझले. बाहेर ट्रॅक्टरचे हॉर्न सुरू झाले. वायर लावली. एक दिवा लागला आणि बराच वेळ एकच राहिला. योगीराज नारळ या हातातून त्या हातात घेत होते. मग दिवे भराभर लागले. पडद्यावर ट्रॉलीचं वजन आलं.

नारळ फुटला.

दिवाळीआधी रेणुका कायम झाली. ती फाइलींची गोष्ट तिनं मला झरीच्या पारावर पुन्हा समजावली. मी मान डोलावली. समजलं नाही.

त्या साली टोळी झुंबरबाईला न घेताच गेली. पगार साचवून रेणुकानं तिला पिठाची गिरणी घेऊन दिली. पुढच्या खंडेनवमीला झुंबरबाईनं गिरणी पुसली, झेंडू वाहिला, बंद ठेवली. दसऱ्याला मी ज्वारीचा डबा घेऊन गेलो. बटणाला हात लावण्याआधी तिनं लेकीकडं बघितलं.

"ही उठंल ना गं?"

गिरणी फिरली. पहिलं दळण माझ्या ज्वारीचं निघालं.