सैल पोलकं

खांडेनवमीला अख्ख्या नागपुरातल्या शिलाई मशिनी आराम करायच्या आणि आमची मशीन मरमर राबायची.

वस्तीबाहेरच्या रस्त्यावर टेलरांची दुकानं होती. त्या दिवशी ती सकाळीच धुऊनपुसून लख्ख होत. मशिनीला झेंडूचा हार, कात्रीला हळदकुंकू आणि तिच्याशेजारी पाटावर गुंडाळून ठेवलेला टेप. मग दसऱ्यापर्यंत हत्याराला कोणी हात लावायचा नाही. आमच्या घरानं हारकुंकू छप्पन साली, दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं होतं. शिवाय आमच्या वस्तीला नेमके दसऱ्यालाच दीक्षाभूमीवर जायला पांढरे कपडे लागत. वर्षभर झोपलेली माणसं नवमीला जागी होत. कोणाच्या पोराचा सदरा, कोणाचं पोलकं, कोणाच्या पायजम्याचा नेफा. सगळा लोंढा मायच्या दारात. माय बोलणी देत जाई आणि शिवत जाई. "सालभर काय तं झोपा काढल्या, आन् आता माह्या डोक्यावर बसून राहिले!"

मशीन हातानं फिरवायची होती, इतवारीतून जुनी घेतलेली. तिच्या लाकडी खोक्यात मायचा सगळा संसार असे: बॉबिना, तेलाची कुपी, निळ्या खडूचे झिजलेले तुकडे, बोटात घालायचं पितळी टोपण आणि उसवायला बाबांच्या दाढीचं अर्धं ब्लेड. टेप पिवळा होता. त्याचा पहिला इंच कधीतरी तुटून गेला होता, म्हणून माय प्रत्येक मापातून एक वजा करून सांगायची. मला शाळेत वजाबाकी शिकवली मास्तरांनी, पण पक्की केली त्या टेपनं. त्या खोक्याला मी हात लावला की माय खेकसायची. ताईनं लावला तर काही नाही. ताईचा हात शिवणात बसला होता आणि माझा नव्हता, हे मला कबूल होतं, पण आवडत मात्र नव्हतं.

ताई लग्न होऊन छिंदवाड्याकडच्या एका खदानीच्या गावी गेली, तेव्हा हेवा करायला कोणाकडे बघावं हेच मला कळेना. घरात पसरून झोपायला जागा झाली आणि झोप येईना. ती माझी वेणी इतकी करकचून घालायची की डोळे ताणले जात. मी रोज ओरडायची. ती गेल्यावर माय घालायची ती वेणी दुपारपर्यंत सुटायची. मला ती करकचून घातलेली वेणी हवी होती. मला ताई हवी होती, बस.

पहिल्या दसऱ्याला ती आली. दुसऱ्या वर्षी नाही आली. पत्र आलं की घरी अडचण आहे, मी मजेत आहे, काळजी करू नये. मायला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवायची. 'मजेत' या शब्दावर ती दर वेळी मला थांबवायची आणि पुन्हा वाचायला लावायची. इतवारी स्टेशनातून तिकडे छोट्या लायनीची गाडी जायची. तिकडचं कोणी भेटलं की मायचा एकच प्रश्न. "माही पोरगी पाह्यली का वं? कशी दिसते? भरली का?" एका बाईनं सांगितलं, बरी दिसते. ती गेल्यावर माय कितीतरी वेळ धुसफुसत होती. "बरी म्हणजे काय वं? बरी म्हणजे किती इंच?"

तिसऱ्या वर्षी कळलं की ताई येते आहे, दसऱ्याच्या सकाळी, भाऊजींबरोबर. मायनं पांढऱ्या पॉपलीनचा तुकडा महिनाभर आधी आणून ठेवला होता. माप घ्यायला ताई कुठे होती? मायनं डोळे मिटले, दोन्ही हात हवेत धरले आणि त्या रिकाम्या जागेवरून टेप फिरवला. मग त्यात थोडं वाढवलं. लग्नानंतर पोरी भरतात, असा तिचा हिशेब. शिवाय दोन्ही कुशींना आत बोटभर जास्तीची माया सोडली, म्हणजे आणखी भरली असेल तर उसवून मोठं करता येईल. माझ्या फ्रॉकला तिनं एवढं कापड कधी सोडलं नव्हतं. मी तसं म्हटलं. "तू माह्या डोयासमोर हायेस ना," माय म्हणाली.

लोकांचे कपडे आधी, घरचे शेवटी, हा तिचा नेम. त्या नवमीला मांजरपाटाच्या जाड सदऱ्यांनी दोन सुया खाल्ल्या होत्या. उरलेली तिसरी, ताईच्या पोलक्याची पहिली टीप मारताना कट्कन मोडली. तिन्हीसांज झाली होती. मी धावत जवळच्या टेलरकाकांकडे गेले. त्यांची मशीन हारात बसली होती आणि सुईही तिच्याचबरोबर पूजेत होती. "आज हत्याराले हात नाही लावत बेटा. परवा ये, दोन देतो," ते म्हणाले. चांगला माणूस होता, आमच्याकडे कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही त्यानं. पण मला राग आला. मी घरी येऊन पाय आपटले.

"काहून चिडतं?" माय म्हणाली. "मीबी लहानपणी कोयत्याले हार घालत होती. तवा कोणी मागता तं मीबी नसता देल्ला." तिनं बोटात पितळी टोपण चढवलं, साधी सुई ओवली आणि अख्खं पोलकं हातानं शिवलं. बारीक, एकाला एक लागून टाके. लांबून पाहिलं तर मशीनचीच टीप वाटावी.

सकाळी ताई आली. दारात उभी राहिली तेव्हा पदर अंगभर घेतलेला होता, त्यामुळे आम्हाला फक्त तिचं हसू दिसलं. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि माझे हात माझ्याच कोपरापर्यंत पोचले. ती आत जाऊन पोलकं घालून आली. पोलकं तिच्या खांद्यांवरून लोंबत होतं.

मायनं टेप घेतला. ताईच्या छातीभोवती फिरवला, दंडाभोवती फिरवला. एक वजा केला आणि आकडा तोंडानं म्हटलाच नाही. मग म्हणाली, "काय झालं होतं?"

टायफॉईड झाला होता. पावसाळाभर ती खाटेवर होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. भाऊजी खदानीतून यायचे आणि भात शिजवायचे. तुला ऐकून झोप लागली नसती म्हणून नाही कळवलं, ताई म्हणाली. भाऊजी खाली मान घालून बसले होते, जणू टायफॉईड त्यांनीच बाजारातून आणला होता.

"दे, कुशीत टाके घालून लहान करतो," ताई म्हणाली आणि सुईसाठी हात पुढे केला.

"लहान नाही होत ते," माय म्हणाली. "ते बरोबर हाये. तू कमी हायेस. हे पोलकं अंगाले लागल्याशिवाय मी तुले धाडत नाही."

आम्ही दीक्षाभूमीवर गेलो. लाखभर पांढऱ्या कपड्यांत ते सैल पोलकं मला सारखं दिसत राहिलं. भाऊजी कामावर परत गेले. ताई राहिली.

ते दिवस मला अजून हवेत. कोणी विचारलं की आयुष्यातला कुठला काळ परत देऊ, तर मी दुसरं काहीही मागणार नाही. माय सकाळी दूध, दुपारी भाकरीवर जवसाची चटणी आणि तेल, रविवारी पायाचा रस्सा असं ताईच्या मागे लागलेली. बाबा गिरणीतून येताना डागाळलेली संत्री पिशवीभर आणत. डाग फक्त सालीला, आत गोड. ताई उन्हात बसून संत्री सोलायची आणि मी तिच्यापुढे पाठ करून बसायची. तिच्या बोटांना संत्र्याचा वास आणि माझी वेणी करकचून. दर आठवड्याला माय तिला पोलकं घालायला लावायची, कुशीत चिमटा काढून किती कापड हातात येतं ते पाहायची आणि हुंकार द्यायची. चिमूट लहान होत चालली होती. आता माझं वय झालं, माय नाही. मी वाळले का सुजले, हे चिमटीनं पाहणारं आता कोणी उरलेलं नाही. तयार कपडे आणते, आत कापड अजिबात नसतं.

एका दुपारी चिमटीत काहीच आलं नाही. ताई हसून म्हणाली, "लागलं वं माय अंगाले!" मायही हसली. त्याच आठवड्यात भाऊजींचं पत्र आलं, रविवारी न्यायला येतो. मी शाळेत कुठल्याच तासाला लक्ष दिलं नाही.

रविवारी भाऊजी आले. चहा झाला. माय म्हणाली, "तसं नेलं असतं तुम्ही, पन पोरीचं अंग अजून भरलं नाही. पाहा तुम्हीच." तिनं ताईला पोलकं घालून यायला सांगितलं.

ताई आली आणि पोलकं सैल होतं. चांगलं चिमूटभर सैल. मी चक्रावले. ताईनं कुशीवरून बोटं फिरवली आणि ती मध्येच थांबली. मी जवळ होते, मलाही दिसलं: नव्या टाक्यांच्या आतल्या बाजूला जुन्या टाक्यांच्या भोकांची बारीक ओळ. मायनं ब्लेडनं उसवून, आत सोडलेलं कापड काढून पोलकं मोठं केलं होतं. मशीन फिरवली असती तर आवाज झाला असता. हाताच्या सुईला आवाज नसतो. ताईनं मायकडे पाहिलं. माय चुलीकडे पाहत होती.

"हो, सैलच हाये अजून," ताई म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी तोंडावर हात धरला. भाऊजींनी एकदा मान हलवली. "राहू द्या मंग. तब्येत पह्यले," म्हणाले आणि पिशवी घेऊन उठले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते दाराकडे वळले आणि त्यांचा शर्ट मागून दिसला. खांद्याच्या शिवणी दंडावर उतरल्या होत्या. ताईनं नजर वळवली आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

"थांबा जवाईबुवा," माय म्हणाली. "आलेच हाये तं शर्टाचं माप देऊन जा."

सासूनं जावयाच्या अंगाला हात लावायचा नसतो, म्हणून टेप माझ्या हातात दिला. मी खांद्यावर धरला, छातीभोवती धरला, आकडे सांगितले. मायनं एक वजा केला. लग्नातला त्यांचा सदरा तिनंच शिवला होता, तेव्हाचं माप तिला पाठ होतं.

"खाता काय तुम्ही तिकडे?"

"खातो ना. होते कच्चंपक्कं."

मायनं टेप गुंडाळून खोक्यात ठेवला. मग म्हणाली, "पोरी, काढून दे ते पोलकं."

ती दारातल्या उन्हात बसली. बोटात टोपण, हातात ब्लेड. नवे टाके सर्रकन उसवले आणि जुन्या भोकांच्या ओळीवरूनच पुन्हा शिवायला घेतलं. आत ताई भराभर पेटी भरत होती. दोन महिन्यांत तिचे हात एवढे चपळ मी पाहिले नव्हते. मी मायच्या कानाशी वाकून म्हटलं, "तुले नाही वाटत का वं, तिनं इथंच राहावं?"

मायनं दातानं दोरा तोडला.

"वाटते," ती म्हणाली. "म्हनून तं उसवलं होतं."