आंटींचा हॅम आणि आमचा ओव्हन

केक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पाच मिनिटांत जातं. पण घरच्या छोट्या ओव्हनमध्ये मावत नाही म्हणून हॅम आमच्याकडे भाजायला आणणारं माणूस तीन तास बाकावर बसून राहतं. तीन तास गप्प कोण बसेल? शिरवणे गावाजवळच्या आमच्या बेकरीत डिसेंबरचे किस्से असे साठत गेले.

*

पहिला हॅम आणला फिलोमिना आंटींनी. मूळच्या वसईच्या, आता नेरूळला. डुकराची अख्खी मांडी बघून मी घाबरलेच. म्हटलं, "आंटी, आतपर्यंत शिजलं नाही तर?"

"ते शिजूनच आलंय गं. आपण फक्त नटवायचं."

मग त्यांनी चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या रेषा मारल्या आणि मला चौकोनाचौकोनात लवंगा टोचायला बसवलं.

*

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. अननसाचा रस, गूळ आणि मोहरी आटवून केलेला ग्लेझ सुरुवातीलाच थापला. तासाभरात वरून नुसता कोळसा. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आंटींनी शांतपणे काळं खरवडलं. "साखर शेवटच्या वीस मिनिटांत लावायची. थोडी थोडी, तीनदा."

बाकावर त्यांचे मिस्टर, पीटर अंकल, बसले होते. ते म्हणाले, "मला लग्नाआधी हे कुणी सांगितलं नाही."

*

ग्लेझ आता बेकरीत कामाला असलेली आमची वनिता करते. ती शिरवण्याचीच, गळ्यात माळ, मासमच्छी बंद. पण तिच्यासारखा ग्लेझ मला अजून जमत नाही. एकदा विचारलं, "चव न घेता तुला कळतं कसं?"

"ताई, पाक डोल्यांनी बघायचा. चाखून नुसती जीभ भाजते."

*

एकदा अननस मिळाला नाही. गावाहून आईने पाठवलेला आंब्याचा मुरंबा होता, तोच पातळ करून लावला. हॅमला असा रंग कधी आला नव्हता.

आईचा फोन आला, "मुरंबा संपला का?" मी चाचरत खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना आवडला का?"

"खूप."

"मग पुढच्या वर्षी दोन बरण्या पाठवते."

*

गेल्या पावसाळ्यात पीटर अंकल गेले. डिसेंबरात आंटी एकट्याच आल्या. हॅम मात्र नेहमीएवढाच.

अंकलना डायबेटिस होता, म्हणून त्यांच्या हॅमची एक बाजू दरवर्षी बिनग्लेझची असायची. आंटींना गोडच लागायचं. साध्या बाजूला त्या 'हॉस्पिटलचं जेवण' म्हणायच्या.

मी ब्रश हातात घेऊन विचारलं, "आंटी, या वेळी सगळ्याला लावू ना?"

त्यांनी हॅमच्या एका बाजूवर हात ठेवला. "नको. नेहमीसारखंच लाव."

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी त्या आमच्यासाठी डबा घेऊन आल्या. उघडून बघितला, तर काठोकाठ भरलेला, आणि सगळे तुकडे गोड बाजूचे.

"आंटी, हे सगळंच आम्हाला? तुमच्यासाठी ठेवलंत की नाही?"

"ठेवलंय ना," त्या पिशवीची घडी घालत म्हणाल्या. "दुसरी बाजू आहे घरी."