पावती कुणाच्या नावाची

प्लास्टिकच्या पिशव्यांवरून मी आमच्या कॉलनीत बदनाम आहे. कुणाच्या हातात तसली पिशवी दिसली की मला राहवत नाही. बंदी नुसती कागदावर ठेवू नका, बाजारात पथकं पाठवा, असं वॉर्डाच्या सभेत मीच ठणकावून सांगितलं होतं.

आणि एका मंगळवारी पंचवटीच्या भाजीबाजारात मीच कापडी पिशवी विसरून गेले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी ओझरच्या बाजूने स्वतःच्या शेतातला माल घेऊन येतात. मी मेथी, टोमॅटो घेतले आणि कॅरीबॅग मागितली. त्या म्हणाल्या, ठेवतच नाही. मी म्हटलं, बघा तरी, एखादी असेलच. जन्मभर वर्गावर चालवलेला माझा आवाज. त्यांचं काही चाललं नाही. सकाळी कुणीतरी टाकून गेलेली एक पिशवी त्यांनी पोत्याखालून काढली.

त्या टोमॅटो भरत असतानाच पथक आलं. पावती फाडली, पुन्हा पिशवी सापडली तर इथे बसू देणार नाही म्हणून दम दिला. मावशींनी माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. मी काय केलं? दोन पावलं सरकून शेजारच्या ढिगातल्या मिरच्या निवडत बसले, अगदी देठ बघून बघून. घरी आल्यावर स्वतःचीच इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

पुढच्या मंगळवारी मुद्दाम गेले. पिशवी माझ्यामुळे काढलीत, मी तेव्हाच बोलायला हवं होतं, असं कसंबसं म्हणाले.

मावशी गवार निवडत होत्या. "तुम्ही बोलल्या असत्या तरी पावती माझ्याच नावानं फाटली असती, बाई. गिऱ्हाइकाचं नाव कोण लिहितं?"

मग त्यांनी वर बघितलं. "पण तुम्ही वळख दाखवली नाय. आता या समद्या म्हणत्यात, ही चोरून पिशव्या ठेवती. ते लय लागलं."

शेजारी ओळीने पाच-सहा जणी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळले आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशीची पिशवी मी मागितली होती. या नाही म्हणत होत्या, मी ऐकलं नाही."

दोघी-तिघींनी माना वर केल्या. एक हसली. बाजार चालूच राहिला.

मावशींनी हात पुढे केला. "द्या आता तुमची पिशवी इकडं. काय काय भरू?"