तुतारीसाठी ठेवलेलं मशीन

प्रभू परत येणार याबद्दल माझ्या बाबांना कधीच शंका नव्हती. शंका होती ती स्वतःच्या कानांची. उभं आयुष्य भिवंडीत, शेलार गावाच्या बाजूला कापडाचे लूम चालवण्यात गेलं आणि त्या खडखडाटाने कान नेले ते कायमचे. तुतारी वाजेल, मेलेले उठतील, विश्वासणारे ढगांत जातील आणि आपण तेवढे खाटेवर पेपर वाचत बसू, अशी धास्ती त्यांनी घेतली होती.

तयारीचं खूळ तसं आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीलाच होतं. पाळकांनी एकदा उपदेशात सांगितलं की प्रभूला भेटायचं तर वस्त्र शुभ्र हवं. त्यांना मनाबद्दल म्हणायचं होतं, पण भिवंडी पडली कापडाची. पंधरा दिवसांत घरोघरी पांढरं कापड शिवायला गेलं. पॉलिस्टर की कॉटन यावर उपासनेनंतर चर्चा झाली आणि ढगांत चुरगळणार नाही म्हणून पॉलिस्टर बरं, असं बायकांनी ठरवलं. वर्षभर एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघींनी एकाच शिंप्याकडे मापं दिली, तीसुद्धा तोंडं फिरवून. बाबांचा शर्ट इस्त्री करून कपाटात टांगला गेला. आई त्याच्यावरची धूळ झटकायची आणि म्हणायची, त्यापेक्षा मोरीतली हलणारी फरशी बसवून घेतली असती तर बरं झालं असतं. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं, इथं राहायचंय किती दिवस.

शेवटी न राहवून त्यांनी आईला खुणा करायला शेजारी उभं केलं आणि पाळकांनाच विचारलं. मेलेल्यांना तुतारी ऐकू येईल हे मान्य, पण बहिऱ्यांचं काय? पाळक हसून म्हणाले, अहो, मेलेल्यांना ऐकू येतं तर तुम्हाला नाही येणार? बाबा म्हणाले, मेलेल्यांनी लूमवर दिवस काढले न्हाय. मग पाळकांनी धीर दिला की प्रभूचं येणं विजेसारखं असेल, लखकन दिसेल. यावर तर बाबा जास्तच खचले. भिवंडीत दिवसातून दहादा लाईट जाते-येते. इथं लखकन काही चमकलं म्हणून कोण उठून बसतो?

त्यांचं खचणं बरोबरच होतं, कारण आमच्या घरात बाबांना हाक मारायची म्हणजे बल्ब चालू-बंद करायचा. एकदा केला तर जेवायला या, दोनदा केला तर कोणीतरी आलंय. बाकी सगळं बोलणं हातांनी, कारखान्यातल्या खुणांनी. सगळं टाकून ये, अशी एक खूण होती. लूममध्ये कोणाचा हात सापडला की ती करायची. आईला सगळ्या खुणा पाठ होत्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी माझा नवरा माझं ऐकत नाही, हे ती कौतुकाने सांगते की रागाने, ते मला अजून कळलेलं नाही.

मी गोदामात बिलिंगला आहे. सुट्टी टाकून बाबांना ठाण्याला नेलं, कान तपासले आणि कानाचं मशीन आणलं. बाबांनी ते तिथेच लावून पाहिलं, रिक्षाचा हॉर्न ऐकून दचकले आणि काढून डबीत ठेवलं. घरी लावेनात. म्हणे, सेल उतरतो. म्हणे, लूमचा आवाज डोक्यात जातो. इतकी वर्षं शांतता मिळालीय, ती कशाला घालवू? मी रोज मागे लागायचे, ते रोज डबी दाखवायचे. एका सकाळी शिफ्टला उशीर होत होता आणि माझी सटकली. हातांनीच म्हटलं, "ठेवा मग जपून. त्या तुतारीसाठीच ठेवा."

टोमणा होता तो. पण बाबांचा चेहरा उजळला. पोरीला इतक्या वर्षांनी अक्कल आली असं त्यांना वाटलं असणार. त्याच दिवशी डबी कपाटात गेली, पांढऱ्या शर्टाच्या शेजारी, सोबत सेलचं नवं पाकीट. मंडळीत जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलंही. लोकांनी स्तुती केली.

मग तो शुक्रवार आला. लाईट गेली होती. लाईट गेली की लूम थांबतात आणि आमची गल्ली एकदम मुकी होते, लहान मुलंसुद्धा बावरतात. मी कामावर होते. दुपारी आई मोरीत कपडे धुवायला गेली, ती फरशी हलली आणि आई पडली, कपाळ फुटलं. कंबर अशी धरली की हलता येईना. बल्बचं बटण दूर, आणि लाईटच नाही तर बटण काय कामाचं? मग तिने हाका मारल्या. बाबा दहा पावलांवर, मोरीकडे पाठ करून बसले होते. वाचत होते. काय वाचत होते ते मी नंतर बायबलच्या उघड्या पानावर पाहिलं. जागे राहा, घटका तुम्हाला ठाऊक नाही, हेच.

हाका समोरच्या शेजारणीला ऐकू गेल्या. ती उत्तर प्रदेशातली, तिचा नवरा अजून लूमवर आहे, म्हणजे खुणा तिलाही येतात. ती धावत आली, बाबांचा खांदा हलवला आणि दोन्ही हातांनी खूण केली, सगळं टाकून ये.

बाबांनी मान वर केली. सगळे लूम बंद, जमिनीची थरथरसुद्धा थांबलेली. शेजारीण रडवेली. आणि खूण ती. बाबांना वाटलं, आली घटका. पाळकांच्या तयार लोकांत शेजारीण कुठेच नव्हती, तिला आपल्या आधी कसं कळलं, याचं एक क्षण नवल वाटल्याचं त्यांनी स्वतःच मला सांगितलं. ते मोरीकडे गेलेच नाहीत. सरळ कपाटाकडे गेले. शेजारीण मागून ओढतेय आणि हे शर्टाची बटणं लावतायत. बटणं लावून झाल्यावर त्यांनी डबी उघडली, सेल घातला आणि मशीन कानात बसवलं.

ऐकू आली ती आई. "अवो," म्हणत होती. आवाज पार बसला होता.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाबा बाकावर बसले होते. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मोरीतल्या मळक्या पाण्याने काळ्या झालेल्या आणि छातीवर आईच्या कपाळाचं रक्त. इतके दिवस हसून घेतलं होतं. तो टोमणा माझाच होता. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"तिची हाक ऐकली न्हाय, बाय," ते म्हणाले. "त्याची काय ऐकनार होतो मी?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि रडले.

आता आई वॉकर घेऊन फिरते. फरशी बाबांनी स्वतः गुडघ्यावर बसून बसवली, जराशी वाकडी. मशीन सकाळपासून कानात असतं, सेल आठवड्याला बदलतो, लूमच्या आवाजाने डोकं धरून बसतात पण काढत नाहीत. मंडळीतल्या एका काकांनी विचारलं, रोज वापरून त्या दिवशी बिघडलं तर? बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ही सोय त्यांनी ठेवलीय.

शर्टाचे डाग गेले नाहीत. नवा शिवू या म्हटलं तर नको म्हणाले, तोच धुऊन पुन्हा टांगला. आई अधूनमधून स्वयंपाकघरातून त्यांची परीक्षा घेते. काम काही नसतं. नुसतं "अवो" म्हणते, दर वेळी थोडं हळू. काल तर इतकं हळू म्हणाली की शेजारी उभ्या असलेल्या मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही.

बाहेरून आवाज आला, "आलो."