गफ्फार शेवटचं काय बोलला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. औंढ्याला नागनाथापुढं हात जोडून उभा राहतो, मनात सुरुवात करतो — आणि अर्ध्यावर आलो की दुसरंच काहीतरी मागून बाहेर पडतो. आता कागदावर तरी पूर्ण होतं का, बघू. पण आधी तुम्हाला गफ्फारचं सांगतो.

गफ्फार जवळा बाजारचा. शिलाई मशीन दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. मी शिरड शहापूरचा, शाळेत मास्तर. कॉलेजात असताना एका टीममध्ये आलो — तो गोलकीपर, मी बॅकला. आमच्याकडं फुटबॉल खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळं ती दोस्ती तुटली नाही. वीस वर्षं तो माझ्या पाठीमागून ओरडला, "दिग्या, डावीकडं!" आणि मी मान न वळवता डावीकडं पळालो. एखाद्यावर इतका भरवसा टाकायला मिळणं — हे किती जणांच्या नशिबी असतं?

सात वर्षांपूर्वी काठमांडूहून चाळिशीपुढच्यांच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. परभणी-नांदेडकडची मंडळी आणि आम्ही दोघं मिळून सोळा जुनी खोडं जमली. गफ्फार हैदराबादच्या पुढं कधी गेलेला नव्हता. "पासपोर्ट न्हाई, काई न्हाई, अन् परदेश!" — दुकानात येईल त्याला तो हेच सांगायचा.

निघताना त्याची बायको शमीम दारात आली. मला म्हणाली, "भाऊ, ध्यान ठेवा त्यांच्यावर. तकलीफ झाली तरी तोंडानं सांगायचे न्हाईत ते."

मी म्हणालो, मी आहे ना.

खरं सांगायचं तर मॅचचं मला फारसं पडलेलं नव्हतं. आयुष्यात एकदा दुसरा देश बघायला मिळत होता. कुठला स्तूप, कुठलं मंदिर, कुठला जुना चौक — मी घरूनच वहीत लिहून नेलं होतं. मॅच सकाळी होती, दुसऱ्या दिवशी पहाटे परतीची बस. म्हणजे शहर बघायला एकच दुपार. त्या दुपारसाठी गाडी मीच ठरवली होती.

आम्ही दोन गोलांनी हरलो. दुसऱ्या गोलच्या वेळी गफ्फारनं उडीच मारली नाही. खांबाला टेकून उभा होता. "दम लागून राहिला रे," म्हणाला. सगळ्यांनाच दम लागला होता, उंचावरचं गाव ते.

लॉजवर आल्यावर तो पलंगावर बसला. शर्ट घामानं चिंब. उजव्या हातानं डावा दंड चोळत होता.

"छातीत आवळल्यावानी व्हायलंय, दिग्या. दवाखान्यात जाऊ का?"

इथं थांबावंसं वाटतं. कारण तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हाला काय कळणार, तुम्ही काय डॉक्टर? पण माझे वडील असेच गेले होते. असाच घाम, असाच डावा हात. मी शेजारी बसलो होतो तेव्हा. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. कळलं, आणि त्याच क्षणी मी ते कळणं बाजूला सारलं — कारण खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"पित्त असंल," मी म्हणालो. "उपाशीपोटी खेळलास. पड जरा. संध्याकाळी आल्यावर बघू."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता हो त्या बघण्यात. "जा तू," म्हणाला. "फोटो काढून आण."

मी दार ओढून घेतलं. गाडीत बाकीच्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, थकलाय, झोपतो म्हणाला.

स्वयंभूच्या स्तूपाच्या पायऱ्या चढून वर गेलो. माकडं, वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका, खाली पसरलेलं सगळं शहर. मी कठड्यापाशी उभा होतो, एक जण माझा फोटो काढत होता, आणि खिशात फोन वाजला. तिथं आम्ही दोघांनी नवीन सिम घेतलं होतं, तो नंबर फक्त त्याच्याकडं होता. मी फोन बाहेर काढला. नाव वाचलं. कट केला.

मनात काय आलं, तेही सांगतो. आता हा म्हणेल, परत ये. माझी दुपार गेली. — हेच आलं. दुसरं काही नाही.

लगेच पुन्हा वाजला. मी आवाज बंद करून फोन खिशात टाकला. तिसऱ्यांदा वाजला तो मला कळलाच नाही. त्यानंतर एका अनोळखी नंबरचे सहा कॉल होते, ते खाली उतरल्यावर दिसले; लावून पाहिलं तर लॉजचा मॅनेजर, माझा नंबर त्याला गफ्फारनंच दिला होता.

मी टॅक्सी करून एकटाच दवाखान्यात धावलो. गफ्फार अर्ध्या तासापूर्वी गेला होता. त्याला तिथं मॅनेजरनं आणलं होतं — ज्याचं नावही आम्हाला माहीत नव्हतं, अशा माणसानं. नर्सनं घड्याळ आणि त्याचा साधा बटणांचा फोन माझ्या हातात दिला. बाकावर बसून मी रडलो. आणि रडता रडता त्या फोनमधले माझ्या नावाचे तीन कॉल पुसून टाकले. रडणं खोटं नव्हतं. पुसणारी बोटंही माझीच होती.

चौथ्या दिवशी त्याला घरी आणलं. दफन झाल्यावर शमीमभाभींनी मला आत बोलावलं. त्यांची सासू, गफ्फारची अम्मी, समोर बाजेवर बसून छाती पिटत होती. भाभींनी हळूच विचारलं, "भाऊ, तुमी होते न जवळ? शेवटी काय म्हणाले?"

नव्हतो, असं म्हणता आलं असतं. दोन शब्द. मी म्हणालो, "होतो की. औषध आणायला गेलो होतो, पण दवाखान्यात गाठला त्याला. माझ्या मांडीवर डोकं होतं. म्हणाला — शमीमला सांग, अम्मीला सांभाळ."

हेच का सुचलं? समोर अम्मी रडत होती म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. तोंडाला येईल ते बोललो, आणि एका बाईच्या आयुष्याला कडी घातली.

भाभी तेव्हा पस्तिशीच्या. लेकरूबाळ नाही. इद्दत, म्हणजे विधवेनं घरात काढायचे चार महिने दहा दिवस, संपल्यावर परभणीहून त्यांचा भाऊ न्यायला आला. तिकडं एक चांगलं स्थळ होतं, बायको वारलेला शिक्षक. मलाही बोलावलं होतं, समजूत घालायला. भाभी म्हणाल्या, "मी न्हाई येणार. त्यांचं शेवटचं बोलणं हाय."

भाऊ माझ्याकडं वळला. "गुरुजी, सच बोलो. ऐसा बोले थे क्या उनो?"

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "व्हय."

तो एकटाच परत गेला. पुढच्या वर्षी अम्मीचं खुब्याचं हाड मोडलं, ती उठलीच नाही. सहा वर्षं भाभींनी तिचं हगणंमुतणं काढलं, वर तिच्या शिव्या खाल्ल्या — तूच माझ्या पोराला खाल्लंस म्हणायची ती. मी ईदला जायचो, खाली मान घालून शीरखुर्मा खायचो. "दोस्त असावा तर असा," गल्लीतले म्हणायचे. मी ते ऐकून घ्यायचो. आवडायचंही, खोटं कशाला बोलू?

या हिवाळ्यात अम्मी गेली. मातीहून परत आलो तर भाभी दारात उभ्या होत्या. केस पांढरे झालेत त्यांचे, गुडघे धरून चालतात. म्हणाल्या, "भाऊ, एकच गोष्ट सांगितली होती त्यांनी. बराबर निभावली न मी?"

"निभावली," मी म्हणालो.

गफ्फार गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. मी चहा घेतला आणि मोटारसायकल काढून घरी आलो.

गफ्फार शेवटचं काय बोलला, मला माहीत नाही. बोलला असेल तर त्या मॅनेजरपाशी बोलला असेल. नाहीतर, मी फोन उचलला असता तर माझ्याशी बोलला असता.