सगळ्या भावकीचे रिपोर्ट माझ्या फोनवर

देवगाव रंगारीत आमच्या भावकीत कुणाचं काहीही दुखलं, की दवाखान्यात नंबर माझा देतात. मी शहरात राहतो, वाळूजला कंपनीत जातो, फोन चांगला आहे आणि म्हणे मला त्यातलं कळतं. कळतंय डोंबल!

मध्यंतरी गावात आरोग्य कार्डाचं शिबिर झालं. तिथंही सगळ्यांनी माझाच नंबर लिहून दिला. मी मशीनवर उभा आणि इकडं फोनवर फोन. "ओटीपी सांग लवकर, मागं लाईन लागलीय." अरे, कशाला देताय, कुणाला देताय, हे तरी विचारा! मी विचारलं तर धाकटे चुलते माझ्यावरच उखडले. "ॲप काय आपल्या सोयऱ्यांना सांगत फिरतंय व्हय?" आणि हीच माणसं शेजाऱ्याला कळू नये म्हणून शुगरच्या गोळ्या ज्वारीच्या कोठीत लपवून ठेवतात. तेव्हापासून चुलत्यांची शुगर, एकाची मूळव्याध, कोणत्या भावजयीला दिवस गेलेत, सगळं माझ्या खिशात. कन्नडच्या बाजारात हे चुलते जिलबी हाणताना दिसले तरी मी गप्प. बोललो असतो तर म्हणाले असते, तुला कुणी सांगितलं?

याच फोनवर दिवाळीनंतर मोठ्या आईचा रिपोर्ट आला. मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. तिच्या छातीत गाठ होती, त्या गाठीचा तुकडा शहरातल्या लॅबमध्ये तपासायला दिला होता. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मी रिपोर्ट उघडला. कॅन्सर. डबा तसाच झाकला. तिला कळायच्या आधी, तिच्या पोरांना कळायच्या आधी, मला कळलं. का म्हणून? माझा काय संबंध?

तिच्या थोरल्या मुलाला, आमच्या दादाला, फोन लावला. "अजून कुणाला सांगितलंस?" त्यानं आधी विचारलं. मग म्हणाला, "आईला सांगू नको. खचंल ती. माझ्या पोरीचं लग्न तेवढं उरकू दे, मग बघू."

लग्न होतं वैशाखात. मी म्हटलं, "अरे दादा, ती गाठ काय मुहूर्त बघून थांबणार आहे का?"

"तू फक्त तोंड बंद ठेव."

असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावा. इकडं त्या लॅबच्या ॲपचा रोज मेसेज. रिपोर्ट डॉक्टरांना पाठवायचा का, संमती द्या. छाती तिची आणि बटण माझ्या हातात! आणि मोठी आई तिच्या साध्या मोबाईलवरून विचारायची, "आलं का रं माझं काही?" मी म्हणायचो, "नाय अजून." तेवढं बोलून दिवसभर डोकं फिरलेलं असायचं. घरी बायकोवर खेकसायचो, तिचा बिचारीचा काय दोष.

एका रविवारी मोठी आई एकटीच एसटीनं आली. बायकोनं दिलेल्या पाण्याला हात लावला नाही.

"सुना माझ्यामागं कुजबुजत्यात," ती म्हणाली. "हंडा उचलू देईनात. पोरं आधी मला वाढायला सांगत्यात. येडी हाय का मी? काढ तो मोबाईल. माझं काय आलंय ते वाच."

मी चाचरलो. "दादाला एकदा विचारतो आणि..."

"दादाला गाठ झालीय व्हय रं?"

मग मी वाचलं. सगळं इंग्रजीत होतं, ते मराठीत सांगितलं. ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग विचारलं, "हे येऊन किती दिस झालं?"

"महिना होत आला."

"आन् मी रोज इचारत व्हते."

मान वर करायची सोय नव्हती. तिनं पाण्याचा तांब्या उचलला, घटाघटा पिऊन खाली ठेवला.

"उद्या सुट्टी टाक. मला डॉक्टरकडं घिऊन चल. जे करायचं ते आत्ताच करू, लग्नात काय मलाच मिरवायचंय?"

माझ्या छातीवरचा दगड उतरला. "बरं," मी म्हटलं आणि फोन उचलला. "दादाला कळवतो, तो पण येईल."

तिनं माझं मनगट धरलं.

"त्यानं मला कळवलं व्हतं का?"